पुढची चाके खरोखर फिरतात का?

भाऊच्या धक्क्यावरून सकाळची लाँच धरून गेल्या महिन्यात आम्ही रेवसला गेलो, ते पाहुणचार घ्यायला नव्हे. आदल्या रात्री भाचेसुनेचा फोन आला होता. "मामा, तुम्ही एकदा येऊन गाडी बघून जा. हे बोरमाळ घेऊन पतपेढीत निघालेत," एवढेच ती बोलली. आमची सगळी नोकरी वर्कशॉपात फिटर म्हणून गेली. त्यामुळे नात्यात कुणाचा पंखा थांबला तरी आम्हांला निरोप येतो आणि 'बघू पुढच्या रविवारी' म्हणून आम्ही वेळ मारून नेतो. पण बोरमाळेचे नाव निघाल्यावर रविवारची वाट पाहता आली नाही. पिशवीत पाने, टॉर्च, खडू आणि दोन जुनी बनियने भरली आणि निघालो.

आमच्या वाचकांपैकी पुष्कळ जण ड्रायव्हर आहेत, क्लीनर आहेत, कुणाची मुले आय.टी.आय.मध्ये मोटर मेकॅनिकचे काम शिकत आहेत, आणि अनेक घरांत एखादी जुनी गाडी पोटापाण्यासाठी धरलेली आहे. म्हणून रेवसला जे पाहिले ते जरा सविस्तर सांगत आहोत.

भाच्याची गाडी म्हणजे जुनी फोर-व्हील जीप. त्याच्याकडे आली तेव्हा तिचे दोन मालक होऊन गेले होते. तो तीतून बर्फ आणि मासळीच्या पाट्या वाहतो, मासळी नसेल तेव्हा सिमेंट, चिरे, कुणाच्या लग्नाची भांडी. रेवसपर्यंत डांबरी रस्ता आहे, लाँचवरून उतरणाऱ्याला तेवढाच दिसतो. पण खाडीकाठची शेवटची वाट खारबंदिस्तीच्या बांधावरून आणि खाजणाच्या कडेने जाते. तिथे साधा टेम्पो घालता येत नाही. चारही चाकांना जोर देणारी गाडी आहे म्हणून भाच्याला भाडे मिळते. तो जोर गेला तर उरते ती डिझेल पिणारी एक जड गाडी, आणि महिन्याचा हप्ता.

पौर्णिमेच्या आसपासची गोष्ट. त्या दिवसांत आपल्या किनाऱ्यावर भरती दुपारी आणि मध्यरात्री बाराच्या सुमाराला येते आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला पाणी अगदी खाली जाते. होडी धक्क्याला लागेना, म्हणून भाच्याने जीप खाली उतरवली, पाट्या भरल्या आणि परतताना दांडा 'फोर'मध्ये टाकला. गाडी दोन हात पुढे आली आणि मागची चाके गाळात रुतली. अ‍ॅक्सिलरेटर दाबला तशी ती आणखी खाली गेली. उधाणाचे पाणी एकदा वळले की ते थांबत नाही. पाट्या डोक्यावरून उतरवल्या, टायरमधली निम्मी हवा सोडली, होडीचा नायलॉनचा दोर पुढच्या हुकाला बांधला आणि दहा-बारा माणसांनी ओढून जीप वर काढली, तोवर पाणी चाकाच्या मध्यापर्यंत चढले होते. घोट्याएवढ्या पाण्यात उभी राहून पाट्या मोजणारी आमची भाचेसून एकटीच एक गोष्ट पाहत होती. ती पुढे सांगू.

दुसऱ्या दिवशी गाडी एका गॅरेजात नेली. मेस्त्रीने खाली वाकून पाहिले, ट्रान्सफर केसला तेल सुटलेले दिसले, आणि तो म्हणाला, "ट्रान्सफर गेला. खोलावा लागेल. पस्तीस हजार धरून चाला." तो मेस्त्री लबाड होता असे आम्ही म्हणणार नाही. तेल सुटलेले होतेच. पण जुन्या जीपच्या ट्रान्सफर केसला तेल सुटणे म्हणजे म्हाताऱ्या माणसाला खोकला येणे. त्यावरून रोग ठरत नाही.

लाँचमध्ये तास-दीड तास मिळाला, तेवढ्यात मनाशी सगळी जोडणी फिरवून पाहिली. योगायोग असा की आपल्याकडे जीपचा जन्म या धक्क्यापासून फार लांब झालेला नाही. १९४१ पासून अमेरिकेच्या सैन्यासाठी विलीज आणि फोर्ड या कारखान्यांनी जीप बनवली. १९४५ साली लुधियानात महिंद्र बंधू आणि गुलाम मोहम्मद यांनी मिळून कंपनी काढली. फाळणीत गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, आणि इकडे १९४८ मध्ये कंपनीचे नाव महिंद्र अँड महिंद्र झाले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत विलीज जीपचे सुटे भाग मुंबईला आणून माझगावात गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. इंजिने बदलली, नावे बदलली, १९८५ साली मारुतीची जिप्सी आली, पण दांड्याने चार चाके जोडायची मूळ रचना पुढे कित्येक वर्षे तीच राहिली. म्हणून एका गाडीवर शिकलेले दुसऱ्या गाडीला उपयोगी पडते.

ती रचना अशी. इंजिनचे फिरणे गिअरबॉक्समधून ट्रान्सफर केसमध्ये येते. तिथून एक शाफ्ट मागे जातो, तो नेहमी फिरतो. दुसरा शाफ्ट पुढे जातो, तो दांडा 'फोर'मध्ये टाकला तरच जोडला जातो. पुढचा शाफ्ट पुढच्या डिफरन्शियलला फिरवतो, डिफरन्शियल डावा-उजवा असे दोन अर्धे शाफ्ट फिरवते, आणि त्यांच्या टोकाला चाकाच्या मधोमध हब असतो. पुष्कळ जुन्या जीपना आणि जिप्सीलाही या हबवर हाताने फिरवायची एक चकती असते. तिच्यावर 'फ्री' आणि 'लॉक' अशा दोन खुणा असतात. फ्री म्हणजे चाक सुटे, शाफ्ट सुटा. लॉक म्हणजे दोन्ही एकत्र. डांबरी रस्त्यावर पुढचे लोखंड उगाच फिरू नये, डिझेल वाचावे, म्हणून ही सोय. आता बघा, पुढच्या चाकापर्यंत जोर जायला दांडा, ट्रान्सफर, शाफ्ट, डिफरन्शियल, अर्धे शाफ्ट आणि हब एवढ्यांनी आपापले काम केले पाहिजे. यांपैकी सर्वांत महाग काम ट्रान्सफरचे आणि सर्वांत स्वस्त हबचे. आणि समुद्राच्या काठी खारे पाणी सर्वांत आधी शिरते ते हबमध्ये.

घरी पोचलो तर भाचा ओसरीवर मान खाली घालून बसलेला. चहा होईपर्यंत आम्ही सूनबाईंना विचारले, "गाडी रुतली तेव्हा तू कुठे होतीस?" ती म्हणाली, "समोर. मामा, मागची चाकं चिखल उडवत होती. पुढची दोन्ही नुसती उभी होती. मी यांना ओरडून सांगत होते, पण ऐकू कुणाला येतंय?" भाचा म्हणाला, "दांडा फोरमध्ये होता मामा, मी शपथेवर सांगतो." दोघेही खरे बोलत होते. दांडा फोरमध्ये असणे आणि पुढच्या चाकाला जोर जाणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

परीक्षेला इंजिन चालू करावे लागत नाही, आणि करूही नये. दांडा फोरमध्ये आहे, एकच चाक जॅकवर आहे आणि कुणी गाडी गिअरमध्ये टाकून चालू केली, तर जमिनीवरची चाके गाडी जॅकवरून उडवतील. आम्ही अंगणात सपाट जागा पाहिली, चावी काढून खिशात घातली, हँडब्रेक ओढला, मागच्या दोन्ही चाकांना पुढून-मागून दगड लावले, पुढचे डावे चाक जॅकने उचलले आणि अ‍ॅक्सलखाली लाकडी ठोकळे दिले. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालू नये.

दोन्ही हब लॉकवर, दांडा फोरमध्ये. आता उचललेले चाक हाताने फिरवायचे आणि गाडीखालच्या पुढच्या शाफ्टकडे बघायचे, त्यावर खडूची रेघ मारून ठेवली की डोळ्याला लगेच कळते. सगळे ठीक असेल तर चाक बोटभर ढिलाई सोडून हलतच नाही, कारण मागची चाके जमिनीवर घट्ट आहेत आणि सगळी साखळी त्यांना बांधलेली आहे. चाक फिरले आणि खडूची रेघही फिरली, तर साखळी ट्रान्सफरपाशी किंवा दांड्यापाशी तुटली आहे. चाक फिरले पण रेघ जागची हलली नाही, तर ट्रान्सफरने आपले काम केले आहे आणि दोष त्याच्या पुढे, चाकाच्या बाजूला आहे. पस्तीस हजारांचा प्रश्न एका खडूच्या रेघेवर येतो तो असा.

डावे चाक फिरले. रेघ हलली नाही. ट्रान्सफर निर्दोष सुटला. भाच्याच्या चेहऱ्यावर जरा रक्त आले.

आम्ही म्हटले, डावा हब गेला. मग उजवे चाक उचलले, तेही फिरले, रेघ जागच्या जागी. तेव्हा आम्ही मोठ्या आत्मविश्वासाने सांगून टाकले की दोन्ही हब गेले. इथे आम्ही चुकलो, आणि ही चूक अनुभवी माणूसही करतो म्हणून लिहून ठेवतो. उजव्या हबच्या झाकणाचे बोल्ट काढले. झाकणाआड अर्ध्या शाफ्टचे दातेरी टोक दिसू लागले. आत जे होते त्याला ग्रीस म्हणवत नव्हते, वाळलेल्या काकवीसारखा तांबडा थर होता. भाच्याला म्हटले, इकडचे ठोकळे राहू दे, आता तिकडचे डावे चाकही वर घे, त्याच्याखालीही ठोकळे दे, आणि ते फिरव. सूनबाई टॉर्च धरून उजव्या बाजूला बसल्या होत्या. त्या एकदम म्हणाल्या, "मामा, हे डावं चाक पुढं फिरवतायत तर इकडचा दांडा उलटा फिरतोय. चाक गप्प उभं आहे."

आम्ही जागच्या जागी थबकलो. डावे चाक फिरल्यावर उजवा शाफ्ट उलटा फिरतो, याचा अर्थ डावा हब चाकाला शाफ्टशी व्यवस्थित जोडत आहे, डावा शाफ्ट अखंड आहे, डिफरन्शियल अखंड आहे, उजवा शाफ्टही अखंड आहे. फक्त शेवटच्या चार बोटांच्या अंतरात, उजव्या हबमध्ये, शाफ्ट आणि चाक यांची गाठ पडत नाही. डावा हब आम्ही फुकट दोषी ठरवला होता.

मग एका हबमुळे दोन्ही चाके का थांबली? डिफरन्शियलचा स्वभावच तसा आहे. ज्या बाजूला अडथळा कमी, त्या बाजूला ते सगळे फिरणे देऊन टाकते. वळणावर बाहेरच्या चाकाला जास्त अंतर जायचे असते म्हणून त्याला तसे बनवलेले आहे. उजवा शाफ्ट मोकळा सुटला की इंजिनचे सगळे फिरणे तिकडे वाया जाते आणि धडधाकट डाव्या चाकाला काही मिळत नाही. त्या संध्याकाळी गाळात पुढचा शाफ्ट फिरत होता, उजवा दांडा चाकाच्या पोटात गरगरत होता, आणि बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही चाके उभी दिसत होती. सूनबाईंनी पाहिले ते अक्षरशः खरे होते.

हब उतरवून रॉकेलमध्ये बुडवला. चकती लॉकवर फिरत होती, पण आतली दातेरी कडी ढकलणारी स्प्रिंग गंजून तुटली होती आणि कडी फ्रीच्या जागी चिकटून बसली होती. झाकणाखालचे कागदी पॅकिंग नव्हतेच. कुणीतरी पॅकिंगऐवजी आत मूठभर ग्रीस कोंबले होते. ग्रीस जास्त म्हणजे राखण जास्त, हा समज सोडून द्यावा. चाकाच्या बेअरिंगला ग्रीस भरपूर लागते, पण हबच्या सरकत्या कडीला पातळसा हात पुरतो. जाड थर घट्ट झाला की कडी सरकत नाही. डावा हबही उघडून धुतला. तो चांगला होता, फक्त पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकला नसता.

चाक बुडाल्यामुळे आणखी एक काम निघाले, आणि ते हबपेक्षा महत्त्वाचे होते. पुढच्या डिफरन्शियलचा प्लग सोडला तर दूध जास्त झालेल्या चहासारखे तेल आले. म्हणजे आत पाणी गेले होते. अ‍ॅक्सलवर हवा ये-जा करायला एक लहान तोटी असते. ती चिखलाने बुजलेली असली की गरम अ‍ॅक्सल थंड पाण्यात शिरताक्षणी आतली हवा आकसते आणि सीलमधून पाणी ओढले जाते. तोटी तारेने मोकळी केली, ९० नंबरचे नवे गिअर ऑइल घातले. ट्रान्सफरचे तेलही पाहिले. ते काळे होते, पण त्यात पाणी नव्हते आणि लोखंडाचे तुकडे नव्हते. बेअरिंग धुऊन ग्रीस केले, ब्रेक खोलून गोड्या पाण्याने धुतले. दुपारचे जेवण चार वाजता झाले.

हबची जोडी आम्ही मुंबईला परतून कुर्ल्याच्या भंगार बाजारातून आणली. घासाघीस करून साडेतीन हजार पडले. वापरलेलीच, पण दात शाबूत होते. पॅकिंगचा कागद, स्प्रिंगा, तेल, ग्रीस धरून सगळा खर्च सहा हजारांच्या आत राहिला. ते पैसे भाच्याने मासळीवालीकडून उचल घेऊन दिले.

दुसऱ्यांदा गेलो तेव्हा हब बसवून पुन्हा तीच खडूची परीक्षा घेतली. उचललेले चाक रेसभरही पुढे गेले नाही. मग ओहोटीला, पाणी दूर असताना, रिकामी जीप ओल्या जागेवर नेली. फार खाली नाही. सूनबाई बाजूला अंतर राखून उभ्या राहिल्या, पुढच्या टायरवर खडूची खूण केलेली. भाच्याने लो गिअर टाकून क्लच हळू सोडला. "फिरतायत!" ती तिकडून ओरडली.

ज्यांच्या गाडीचा दोष खडूच्या परीक्षेत मागच्या बाजूला निघेल, त्यांनीही लगेच ट्रान्सफर खोलू नये. आधी एकाने आत बसून दांडा हलवावा आणि दुसऱ्याने खाली बघावे. दांड्यापासून ट्रान्सफरपर्यंतच्या सळ्या, पिना आणि बुश गंजलेले किंवा झिजलेले असले तर दांडा पूर्ण पडल्यासारखा वाटतो आणि आतला गिअर अर्ध्यावरच अडतो. दहा रुपयांच्या पिनेने ट्रान्सफर बदनाम झालेला आम्ही पाहिला आहे. लो पडत नसेल तर आधी फोर पडला आहे का ते बघा. जुन्या जीपला पुढची चाके जोडल्याशिवाय लो पडू नये अशी आतच अडवणूक असते, नाहीतर सगळा जोर एकट्या मागच्या अ‍ॅक्सलवर येईल. आणि दांडा फोरमधून निघतच नसेल, तर बहुधा गाडी डांबरी रस्त्यावर फोरमध्ये चालवलेली असते. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा जास्त अंतर जातात, चिखलात ती घसरून हिशेब जुळवतात, डांबरावर घसरता येत नाही म्हणून सगळ्या शाफ्टांना पीळ बसतो. अशा वेळी दांड्यावर लाथा मारू नयेत. सरळ रेषेत चार-सहा मीटर गाडी मागे घ्यावी, दांडा आपोआप सैल होतो. पुढे नवे आणि मागे गुळगुळीत टायर असतील किंवा टायरचा साइज वेगळा असेल तरीही हाच पीळ बसतो. भंगारातून अ‍ॅक्सल आणून बसवणाऱ्यांनी पुढच्या-मागच्या क्राऊन-पिनियनचे दात जुळतात का, हे मोजून घेतल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

बटणाने फोर पडणाऱ्या अलीकडच्या गाड्यांत दांड्याऐवजी ट्रान्सफरवर छोटी मोटर असते, आणि काहींत पुढची बाजू जोडायला हवेच्या रबरी नळ्या असतात. तिथे आधी फ्यूज, मग वायरीचे हिरवे पडलेले प्लग, मग तडकलेल्या नळ्या. खडूची रेघ मात्र तिथेही उपयोगी पडते.

खाडीकाठी राहणाऱ्यांनी महिन्यातून एकदा तरी हबची चकती फ्री-लॉक करावी आणि मऊ जमिनीवर थोडे अंतर फोरमध्ये चालवावे. खाऱ्या पाण्यातून आल्यावर त्याच दिवशी चाके गोड्या पाण्याने धुवावीत. भाचा म्हणतो, रोज एवढे गोडे पाणी आणायचे कुठून. त्याचेही खरे आहे. उन्हाळ्यात त्या बाजूला प्यायच्या पाण्याचीच ओढाताण असते. दोन बादल्यांत चारही हब धुता येतात, असे त्याला करून दाखवले.

जीपच्या कप्प्यात आता सूनबाईंनी एक शाळेची वही ठेवली आहे. आम्ही निघताना त्यांनी ती वाचून दाखवली. तारीख, किती किलोमीटर झाले, खर्च, आणि खाली लिहिले होते: डावा हब ठीक. उजवा बदलला. तोटी साफ. ट्रान्सफरला मागून तेल सुटते, सील घेणे. गेल्या आठवड्यात तिचा पुन्हा फोन आला. पुढच्या डिफरन्शियलचे तेल तिने प्लग सोडून पाहिले होते, ते अजून थोडे दुधट दिसते आहे. आत राहिलेले पाणी नव्या तेलात मिसळले असणार. आम्ही तिला म्हटले, ते सगळे सोड, पुन्हा एकदा नवे भर, आणि दोन आठवड्यांनी परत बघ.